चौकाचा दिवस, खांबांची दुपार

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की चौक लिहायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न कुणाला पडत नसे. कुडाची भिंत शेणामातीनं सारवून गेरूनं लाल करायची, तांदूळ भिजवून वाटायचे, आणि एकदा सवाशिणी भिंतीसमोर बसल्या की त्यांना उठवायची कुणाची टाप नव्हती. शेत, लाकूडफाटा, पाणी, पोरं, सगळं त्या दिवसापुरतं दुसऱ्यांच्या डोक्यावर. चौक झाल्याखेरीज लग्न लागत नाही, तेव्हा नवऱ्यामुलाच्या बापालासुद्धा बाहेर बिडी ओढत थांबावं लागे.

हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी डोळ्यांनी पाहिलं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि 1970 च्या आसपास आम्ही डहाणू तालुक्यात, कासा भागात राहत होतो. वर्गातल्या एका मुलाच्या घरी लग्न होतं. गुरुजींची मुलगी म्हणून मला थेट आत, भिंतीपाशी बसायला मिळालं. घरात उजेड बेताचाच. करवंटीत तांदळाचं पांढरं पातळ पीठ, हातात बांबूची काडी, तिचं टोक चावून मऊ केलेलं. आधी चौकट झाली: एकात एक पट्टे, त्यांत नागमोडी रेघा आणि त्रिकोणांच्या माळा. मग आत पालघट देवी, हातपाय फाकून उभी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. सूर्य, चंद्र, फणी, शिडी. बाहेर झाडं, ताडावर चढणारा गडी, तारपा वाजवणाऱ्याभोवती वेटोळं घालून नाचणारी माणसं. लग्न लावणारी धवलेरी एका अंगाला बसून गात होती. चार-पाच बायकांचे हात एकाच भिंतीवर चालत होते. कुठली रेघ कुणाची ते मला कळलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या सारवणात ती भिंत गेली. शहरातल्या फलकांवर ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं वाचलं की मला त्या सारवणाची आठवण होते. परंपरा जुनी आहे यात शंका नाही, पण जी गोष्ट दरवर्षी शेणाच्या हाताखाली मिटवली जायची तिचं वय कुणी कसं मोजलं, हे फलक लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच काळात आमच्या शाळेच्या खोलीमागच्या घरात माझी आई उंबऱ्याशी बसून क्रोशा विणायची. ती कल्याणची, शाळेत शिवण-विणकामाच्या तासाला शिकलेली. स्टीलची बारीक सुई, 20 नंबरचा पांढरा दोरा, मांडीवर पितळी डब्यात गुंडा. चुलीवर डाळ चढली की एक ओळ. डाळ उतू जायला लागली की सुई दोऱ्यात खोचून उठायचं. धाकट्याला झोपवलं की आणखी दोन ओळी. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ओठ हलवत मोजायची आणि मध्येच आम्ही काही विचारलं की हात वर करून थांबवायची. आजीला तिचं ते दिवेलागणीच्या वेळचं विणणं खपत नसे. तिन्हीसांजेला सुई हातात घेऊ नये, हा नेम. आईचं उत्तर ठरलेलं: हिला नेढं कुठाय? मग ही सुई कशी?

एका गावात, एका काळात, पन्नास पावलांच्या अंतरावर मी हे दोन वेळ पाहिले. चौकाचा वेळ अख्खा होता, दहाजणींचा होता आणि त्याला देवाधर्माचं संरक्षण होतं. आईचा वेळ तुकड्यातुकड्यांचा होता, एकटीचा होता आणि तो तिनं चुलीच्या, पाळण्याच्या आणि सासूच्या मधून मिळवलेला होता. पुढे मी दोन्ही कामं शिकले, दोन्हीत हात बसला. आज ठाण्यातल्या कोलशेतला आमच्या इमारतीतल्या मुली मला ‘काकू, ह्याला वेळ कसा मिळतो हो?’ असं विचारतात तेव्हा मला वाटतं, आपल्या हाती आज दुसऱ्या प्रकारचाच वेळ उरला आहे, आणि पहिला कसा गेला ते पाहिल्याशिवाय ह्या प्रश्नाला धड उत्तर नाही.

पहिल्या वेळाचं फार गोड चित्र रंगवू नये. त्या अख्ख्या दिवसाची किंमत कुणीतरी मोजलेली असे. 1938 साली सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्यानं मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातली वेठ आणि कर्जापायीची गुलामी आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ 1970 साली आलं. त्यात लग्नगडी भेटतात. लग्नाला लागणारे थोडेसे रुपये जमीनदाराकडून घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं, वर्षानुवर्षं. 1945 साली तलासरीच्या बाजूला वारली उठले ते ह्या वेठीविरुद्ध आणि लग्नगडीच्या चालीविरुद्ध. त्याआधी कित्येक जोडपी नुसतीच एकत्र राहत आणि पैसा जमला की मागाहून, कधी पोरांच्या देखत, विधी उरकत. म्हणजे भिंतीसमोर बसलेल्या सवाशिणीचा तो एक दिवस मोकळा होता खरा, पण त्या चौकासमोर उभ्या राहिलेल्या नवरीचे पुढचे कित्येक दिवस आधीच विकलेले असू शकत. मी पाहिलेल्या लग्नात तसं काही नव्हतं. तोवर पंचवीस वर्षं उलटली होती. माझ्या वडिलांनी मात्र गावातल्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकलं होतं आणि ते आम्हाला जेवताना सांगत.

वारल्यांकडे भिंतीवरून कागदावर यायची गोष्ट 1970 नंतरची, पण तिची सुरुवात त्याआधी, वारल्यांच्या मुलखापासून फार लांब, बिहारमध्ये झाली. मिथिलेत लग्नाच्या खोलीच्या, कोहबराच्या, भिंती बायका रंगवत. 1934 च्या भूकंपात घरं फुटली तेव्हा विल्यम आर्चर ह्या इंग्रज अधिकाऱ्याला ती चित्रं उघड्यावर दिसली. 1949 साली त्यांनी मुंबईच्या ‘मार्ग’ नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. पुढे 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे धाडलं. कुलकर्ण्यांनी बायकांच्या हाती कागद दिला: भिंतीवर काढता ते ह्यावर काढा, ते विकू, चार पैसे मिळतील. त्यातून जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशभर झाली. तेच कुलकर्णी नंतर आमच्या डहाणूकडे आले, गंजाडला राहिले, आणि त्यांनी तोच कागद वारल्यांपुढे ठेवला.

इथे मात्र नाव झालं ते एका पुरुषाचं. जिव्या सोमा म्हसे. तलासरीच्या धामणगावात जन्म, पुढे गंजाडचे. लहानपणी आई गेली आणि त्यांची वाचा गेली असं सांगतात. मातीत रेघा ओढून ते बोलत. चौक लिहिणाऱ्या बायकांत बसणारा हा एकटा पुरुष, आणि कागद पुढे आल्यावर त्यानं लग्नाबिग्नाची वाट न बघता रोज चित्र काढायला घेतलं. जाळं टाकणारा कोळी, मुंग्यांचं वारूळ, रेल्वे, धान्याची मळणी. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, 1989 साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, 2011 साली पद्मश्री. 15 मे 2018 रोजी ते गेले. त्यांच्या चित्रांतली ठिपक्याठिपक्यांनी विणलेली जाळी पाहिली की मी अजूनही चकित होते, त्यामुळे त्यांचं श्रेय कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण मिथिलेत बाई आणि इथे पुरुष, असं का झालं असेल?

माझं उत्तर वेळाचं आहे. मिथिलेतल्या ज्या घरांत कागद पोचला त्यांतल्या बऱ्याच बायका ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या, पडद्यातल्या. दुष्काळ असो नसो, त्या घराबाहेर मजुरीला जात नव्हत्या. कागद घरात आला आणि त्या घरातच होत्या. वारली बाई घरात कधी होती? भाताची लावणी, बेणणी, कापणी. त्यानंतर दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर, भिवंडी-कल्याण-वसईकडे, तान्ह्या पोरासकट. चौकाचा दिवस तिला समाजानं दिला होता, कारण लग्न अडत होतं. कागदासाठी काही अडत नव्हतं. मग कागदाचा वेळ ज्याला काढता आला त्यानं काढला, आणि तिथे पैसा दिसल्यावर मुलगे, पुतणे, भाचे शिकले. पुष्कळ वर्षांनी बायका पुन्हा ह्या कामात आल्या, आता कागदावर आणि सहीसकट. यशोधरा दालमियांचं वारल्यांच्या चित्रांवरचं पुस्तक 1988 साली आलं, ते मिळालं तर जरूर वाचावं; चौकाचा विधी त्यात नीट नोंदवलेला आहे, आणि तो काही शोभेचा भाग नव्हता हे ध्यानात येतं.

क्रोशाची गोष्ट बरोबर उलटी. तिच्यात पैसा आधी आला, देवधर्म कधीच आला नाही.

दुष्काळ मात्र इथेही आहे. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं आणि माणसं उपासमारीनं मेली, तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी शेतकऱ्यांच्या बायका-मुलींना आकड्याची जाळी शिकवली. खऱ्या लेसला उशी, फिरक्या, महिनोन्‌महिने लागत. हिला एक आकडा आणि एक गुंडा पुरे. कपड्याच्या कडेला लावायची ही जाळी श्रीमंतांच्या बाजारात विकली गेली आणि घरं जगली. त्याच दशकात विणीचे नमुने छापलेल्या पुस्तिका लंडनमध्ये निघू लागल्या. मिशनरी बायका ते काम आपापल्या ट्रंकांतून जगभर घेऊन गेल्या. आपल्याकडे सर्वांत मोठं पीक आलं ते आंध्रात, गोदावरीच्या मुखाशी, नरसापूरला.

मारिया मीस ह्या जर्मन बाईंनी 1970 च्या दशकाच्या शेवटी नरसापूरच्या बायकांत राहून जे पाहिलं त्याचं पुस्तक 1982 साली निघालं. ते मला फार उशिरा, मुलीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळालं. त्या बायका घरकाम सांभाळून रोज 6 ते 8 तास लेस विणत. माल युरोप-अमेरिकेत जाई, व्यापारी मोटारी घेत. आणि त्यांना विचारलं तर व्यापारी सांगत, ह्या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. मजुरी ठरायची ती त्या ‘फावल्या वेळा’च्या हिशेबानं. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले. आईनं शेजारच्या डॉक्टरीणबाईंना करून दिलेले टेबलक्लॉथ आठवले. त्याचे पैसे दोऱ्याच्या भावानं यायचे. डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. कामाचे म्हणून वेगळे पैसे असतात हे त्यांच्या मनात येत नसे, आणि खरं सांगायचं तर आईच्याही येत नसे.

महाराष्ट्रात क्रोशा घराघरांत शिरला तो दोन दारांनी. एक दार निराधार बायकांच्या पोटापाण्याचं. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावला शिवण, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात, 1909 नंतर, शिवणाचे वर्ग चालले. ह्या बायकांसाठी सुई म्हणजे कुणापुढे हात न पसरता जगायचं साधन. दुसरं दार रुखवताचं. मुलगी शाळेत शिकली, लग्न ठरलं, की रुखवतात तिच्या हातचं काहीतरी मांडायला हवं. ताटावरचे रुमाल, अननसाच्या नमुन्याचा टेबलक्लॉथ, राघू-मैनेचं तोरण, चौकटी भरून विणलेलं ‘शुभविवाह’. मांडवात बायका वाकून वाकून बघणार, एखादी आत्याबाई उलटी बाजू तपासून गाठी मोजणार. ते सगळं सासरी ट्रंकेत जायचं आणि पुढे रेडिओ आला की रेडिओवर, टीव्ही आला की टीव्हीवर पसरायचं. पोटापाण्याचं दार हळूहळू लोटलं गेलं, रुखवताचं उघडं राहिलं. क्रोशा म्हणजे हौस, असं जे आज सगळ्यांना वाटतं ते त्यामुळे.

1984 साली लग्न होऊन मी कोलशेतला आले. तेव्हा कोलशेत रोड म्हणजे कारखान्यांचा रस्ता. सँडोझ, बायर, पलीकडे हवाई दलाचं ठाणं, आणि रस्ता संपेल तिथे खाडी आणि आगरी-कोळ्यांचं गाव. यजमान एका रसायनांच्या कंपनीत होते, तीन पाळ्यांत. आम्ही गावात एका आगरी घरमालकांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. नाईट करून आले की हे सकाळी आठला झोपत ते दुपारी दोनपर्यंत. त्या सहा तासांत घरात भांडं वाजवायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, शिवणयंत्र तर नाहीच. रुखवतात आलेलं यंत्र मी त्या घरात जेमतेम चालवलं असेल. आवाज न करता करता येण्यासारखं काम एकच. शेजारच्या खोल्यांतही तेच. पाळीच्या घरांतल्या आम्ही बायका ओटीवर बसून विणायचो, कुजबुजत नमुने सांगायचो, ‘तीन साखळ्या, एक घर सोड, दोन खांब’. कारखान्यांच्या भागात क्रोशा का वाढला ह्यावर कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही; पण झोपलेला नवरा हे त्याचं मोठं कारण होतं, असं माझं ठाम मत आहे.

घरमालकांचे वडील ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाळं दुरुस्त करत. तोवर नायलॉनची तयार जाळी आली होती, पण फाटलेलं जाळं टाकवत नसे त्यांना. एकदा त्यांनी माझ्या हातातली जाळी मागून घेतली, उन्हात धरली, घरं बोटानं मोजली आणि परत देत म्हणाले, चांगली आहे, पण हिच्यात काय गावणार? त्यांच्या नातीच्या लग्नात हळदीला धवलारीण आली आणि गायला लागली तेव्हा मला कासा आठवलं. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई आणि वारल्यांची धवलेरी. दोघींची गाणी वेगळी, बोली वेगळी, पण भटजींच्या आधी लग्नावर हक्क बाईचा, हे दोन्हीकडे सारखं. त्या दिवशीही घरातल्या कुठल्याच बाईनं भाताचं पातेलं हाती धरलं नाही.

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला दिली होती, नोकरी व्हीटीला. तिला घरात एक मिनिट मिळत नसे, पण जाता-येता सव्वा-सव्वा तास मिळे. बसायला मिळालं तर विणायचं, उभं राहावं लागलं तरी दोरा पर्समध्ये ठेवून दांडीला टेकून विणायचं. तिच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या होत्या, भजनं म्हणणाऱ्या होत्या आणि विणणाऱ्या होत्या. स्वेटर विणणाऱ्या दोनच, कारण मुंबईत स्वेटर घालायचा कधी? बाकी सगळ्या सुती दोऱ्याच्या. पश्चिम रेल्वेवर बायकांची अख्खी लोकल 1992 साली सुरू झाली. डब्यातलं विणकाम त्याच्या कितीतरी आधीचं. बहिणीच्या दोन मुलींच्या टोपड्या, कुंच्या आणि माझ्या भाच्याच्या मुंजीतलं आसन हे सगळं डोंबिवली ते व्हीटीच्या दरम्यान झालं आहे.

चित्राचं तसं होत नाही, हे मला नव्वदीच्या दशकात हॉबी क्लासात कळलं. ठाण्यात तेव्हा गल्लोगल्ली वारली शिकवत: कापडी रंग, सहा रविवार, शेवटी एक कुर्ता आणि एक माठ. माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, डोकं गोल, इतकं शिकवलं की झालं वारली. मी ते शिकायला गेले आणि हात अडखळला, कारण मला ती भिंत माहीत होती. तरी करत राहिले. आणि ध्यानात आलं की चित्राला बैठक लागते. रंग कालवला की तो वाळतो. ओळ अर्धी सोडून दूध बघायला उठलं की परत आल्यावर हाताचा दाब बदललेला असतो आणि तारप्याच्या वेटोळ्यात नेमका तिथेच सांधा दिसतो. क्रोशाला व्यत्यय चालतो. तो व्यत्ययातच वाढलेला आहे. म्हणून मी चित्रासाठी महिन्यातला एक रविवार घरात जाहीर करते. त्या दिवशी स्वयंपाक नाही. सुरुवातीला यजमानांना हे विचित्र वाटलं; आता ते सकाळीच बाहेरून पोहे-मिसळ आणतात आणि कोण आलं तर ‘आज बाईसाहेबांचा चौक आहे’ म्हणून दारातूनच सांगतात. मजेनं म्हणतात, पण नेमकं म्हणतात.

पालघटीचा चौक मात्र मी काढत नाही. नाच, मळणी, झाडं, खेकडे पकडणारी पोरं, सगळं काढते. देवी चहाच्या कपाखालच्या चकतीवर काढणाऱ्यांना मी काही बोलत नाही, माझ्यानं होत नाही इतकंच. वारली चित्राला आता भौगोलिक मानांकन आहे, नरसापूरच्या लेसलाही 2024 साली मिळालं. कागदोपत्री दोघींना आपलं गाव मिळालं म्हणायचं. 1 ऑगस्ट 2014 ला डहाणू-तलासरी पालघर जिल्ह्यात गेलं आणि ठाणे जिल्ह्याच्या माहितीपुस्तकांत ‘आमची वारली कला’ म्हणून जे पान असायचं त्याची पंचाईत झाली. पण वारली काही फक्त तिकडे नाहीत. माझ्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, तिथे पाटोणापाड्यासारख्या पाड्यांवर वारली राहतात. पावसाच्या तोंडावर त्यांतल्या बायका शेवळं, मग टाकळा, कंटोळी घेऊन ठाण्यात बसतात. माझ्या ओळखीच्या एकीला विचारलं, मुलाच्या लग्नात चौक लिहिलात का? म्हणाली, लिहिला तर, सिमेंटच्या भिंतीवर गेरू लावून तेवढाच तुकडा. बसायला कोण होतं? दोघीच, बाकीच्या कामाला गेलेल्या, बंगल्यांवर सुट्टी देत नाहीत.

कोलशेतचे कारखाने गेले. सँडोझचं 1995 नंतर क्लॅरियंट झालं, मग तेही हललं आणि त्या जमिनीवर उंच इमारती आल्या; बायरच्या जागेचंही तसंच. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही अशाच एका इमारतीत आलो. खाली लॉबीत वारली नाच आहे, विनाइलवर छापलेला, नाचणाऱ्यांची रांग लिफ्टच्या दारापाशी कापलेली. पाळ्या गेल्या असं वाटलं होतं, तर शेजारची मुलगी ऐरोलीच्या कंपनीतलं काम घरून करते, अमेरिकेच्या वेळेनं. तिचा नवरा सकाळी झोपलेल्या बायकोची झोप मोडू नये म्हणून मिक्सर लावत नाही.

ह्याच मुलीला दारावर तोरण हवं होतं, वारली नाचाचं, पण क्रोशात. हे काम चौकटीच्या विणीत होतं: आलेखाच्या कागदावर घरं भरायची, भरलेलं घर म्हणजे खांबांनी बुजवलेलं, रिकामं घर म्हणजे जाळी. सरळ रेघ आणि चौकोन झकास येतात. त्रिकोणाच्या बाजू पायऱ्यापायऱ्यांच्या होतात, म्हणून माणूस जरा मोठा घ्यावा लागतो, निदान पंधरा-सोळा घरं उंच, तर कंबर दिसते. तारप्याचं वेटोळं ह्या विणीत येतच नाही. मी ते मोडून सरळ रांग केली, तारपावाला डाव्या टोकाला, हातात हात घातलेल्या बारा जणी उजवीकडे. आलेख काढायला एक जाहीर रविवार गेला, विणायचं काम दुपारच्या तुकड्यांत चालू आहे.

आगाऊ पैसे द्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, ‘काकू, दोऱ्याचे किती झाले? बाकी तुम्ही फावल्या वेळातच करता ना?’ मी तिला हिशेबाची वही दाखवली. डाव्या बाजूला दोरा, उजव्या बाजूला तास, अर्ध्या-पाऊण तासांच्या नोंदी, खाली बेरीज. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे पण हेच भरून घेतात, दर पंधरा मिनिटांचं. मग तिनं माझ्या तासाचा भाव विचारला. मी सांगितला. तिनं मोबाइलवर गुणाकार करून बघितला, थोडा वेळ गप्प बसली, अर्धे पैसे तिथल्या तिथे पाठवले आणि दिवाळीच्या आधी मिळेल का म्हणाली. दिवाळीच्या आधी मिळणार नाही, मी सांगितलं. फराळाच्या आठवड्यात उजवी बाजू कोरीच जाते.